किसनरावांची सही

कापसाचे दिवस आले की अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या गॅलरीच्या गजांना पांढरे तंतू चिकटायला लागतात. बैलगाड्या केव्हाच गेल्या. आता ताडपत्री धड न बांधलेले टेम्पो खालच्या रस्त्याने सरकी काढायच्या जिनाकडे जातात आणि मागे ही भुरभुर सोडून जातात. सून रोज झाडते, रोज पुटपुटते. मी गजांवरचे तंतू एकेक करून काढतो आणि बोटांत वळत बसतो. ऐंशी उलटलेल्या माणसाला घरात तेवढंच काम उरतं. वळता वळता बारीक दोरी होते. ती दोरी मला नको असते, पण हात थांबत नाहीत.

यंदा याच दिवसांत नातीच्या क्लबातून एक कागद आला. ती जिम्नॅस्टिक्स शिकते. सरावाच्या वेळी आपल्या पाल्याचे फोटो काढायला आणि ते कुठेही लावायला आपली संमती आहे का, असा त्यात प्रश्न होता. पुढे दोन चौकोन, आहे आणि नाही. खाली पालकाची सही.

"बाबा, तुम्हीच करून टाका ना सही," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "मुलीची बस येईल आत्ता."

मी पेन उघडलं. डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि माझं लक्ष त्या हाताच्या अंगठ्याकडे गेलं. लहानपणी शेतात विळा लागून त्यावर एक तिरपा व्रण पडला आहे. इतक्या वर्षांत बाकीच्या हातावर सुरकुत्या पडल्या, तो व्रण मात्र तसाच आहे, कोवळा आणि गुळगुळीत. बस आली, गेली. नात रुसून बिनकागदाची गेली. मी पेन उघडंच धरून बसलो होतो.

ते दिवस असेच होते. फक्त गाव अमरावती होतं आणि थंडी जास्त होती. साठ साल उलटून एखादं वर्ष झालं असेल. मी तेवीसचा होतो, एका शाळेत कारकून आणि आमच्या व्यायामशाळेचा सहचिटणीस. सहचिटणीस म्हणजे पावत्या फाडणारा, कपाटाची किल्ली सांभाळणारा आणि संमेलनात सतरंज्या घालणारा. माझ्याजवळ एक पेटी कॅमेरा होता, त्यामुळे मी फोटोवालाही होतो. कमरेशी धरून वरून भिंगात वाकून पाहायचा तो कॅमेरा. त्यात माणसं उलटसुलट दिसायची आणि मला वाटायचं, ती आता माझी झाली.

आमच्या व्यायामशाळेत फोटोचा एक नियम होता. संस्था उभी करणारे वयोवृद्ध गुरुजी, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी तो नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. लहान सभासदाचा फोटो पालकाच्या लेखी होकाराशिवाय काढायचा नाही, आणि निगेटिव्ह संस्थेच्या कपाटाबाहेर जायची नाही. लोक हसायचे. पण मागे एका पोराचा लंगोटातला फोटो गावातल्या एका स्टुडिओने काचेच्या कपाटात लावला होता आणि त्या पोराला शाळेत जाणं नकोसं झालं होतं. मोठ्या सरांनी ते पाहिलं होतं. ते म्हणायचे, "पोरगं आपल्याकडे अंग कमवायला येतं. त्याचं अंग आपल्या मालकीचं होत नाही." मी हे वाक्य संमेलनाच्या भाषणात एकदा वापरलं आणि टाळ्या घेतल्या.

त्या हिवाळ्यात मुलींचा दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग नवा सुरू झाला होता. सकाळी, शाळेच्या आधी. पत्र्याच्या मांडवाच्या तुळईला सुती दोर बांधलेला, खाली मऊ माती. आठ-नऊ मुली यायच्या. त्यांतली एक अकरा-बारा वर्षांची मुलगी बाकीच्यांच्या फार पुढे होती. तिचं नाव मी लिहिणार नाही. का, ते शेवटी येईलच. तिचे वडील किसनराव एका जिनात गठाणी उचलायचे. पाळीवर जाता जाता ते मुलीला सायकलच्या नळीवर बसवून आणत. त्यांच्या भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, टोपीच्या शिवणीत कापूस असे. मुलगी उतरताना त्यांच्या भुवईवरचा तंतू काढून फुंकायची, हे रोजचं.

मी आज किसनराव लिहितो आहे. तेव्हा म्हणत होतो किसन. "काय रे किसन, आज उशीर?" ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते आणि मला म्हणायचे, "हाव जी सायेब, हवा लय थंडी हाय."

त्यांचं कुटुंब दीक्षा घेतलेलं. नागपूरच्या त्या दिवसाला चार-पाच वर्षं झाली होती. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या माणसाच्या घरात त्यामुळे काय काय बदललं असेल याचा एकदाही विचार करणं वेगळं. तो मी केला नव्हता.

एका सकाळी पत्र्याच्या फटीतून ऊन आलं. हवेत जिनाकडचा कापूस तरंगत होता आणि ती दोरावर चढून स्थिर झाली होती. मी कॅमेऱ्यात वाकलो आणि कळ दाबली. तो फोटो कसा होता हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर पुन्हा काढल्यासारखं होईल. एवढंच सांगतो की माझ्या आयुष्यात मी काढलेला तो एकच चांगला फोटो.

कळीचा आवाज तिने ऐकला होता. खाली उतरून तळहातांची माती झटकत ती म्हणाली, "दादा, माहा फोटो काहाडला काय?"

"हो. छान आलाय बघ."

"बाबाले इचारलं काय?"

"विचारतो ना."

"पह्यले इचारा लागते," ती म्हणाली आणि पुढच्या मुलीला दोर धरून द्यायला गेली. नियम तिला पाठ होता. वर्गात पहिल्या दिवशी तो मीच वाचून दाखवला होता.

संमेलन चार दिवसांवर आलं. त्यात फोटोंचं छोटं प्रदर्शन असायचं आणि मला तो फोटो मधोमध हवा होता. किसनरावांची पाळी बदलली होती. मुलगी आता एका मैत्रिणीबरोबर चालत येत होती. त्यांच्या वस्तीत जायला सायकलने वीस मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. ऑफिसात बसून होकाराची चिठ्ठी माझ्या अक्षरात लिहिली, आणि सहीच्या जागी आलो तेव्हा थांबलोसुद्धा नाही. जिनातला हमाल. म्हणजे अंगठाच. शाईच्या गादीवर मी माझा डावा अंगठा टेकवला आणि चिठ्ठीवर उमटवला. बाजूला लिहिलं, नि. किसन सोनाजी. नि. म्हणजे निशाणी, अंगठ्याचा ठसा. हातरुमालाला अंगठा पुसला आणि चहा मागवला.

लबाडी केली असं मला तेव्हा वाटलंही नाही. त्याचीच आज जास्त भीती वाटते. सही खोटी करताना माणूस निदान दुसऱ्याचं अक्षर गिरवतो, दचकतो. मला काही गिरवावंच लागलं नाही. त्यांच्या हाताबद्दल माझ्या मनात जे आधीपासून होतं, तेच मी कागदावर उतरवलं.

प्रदर्शनात फोटोपुढे गर्दी झाली. आमच्या कमिटीवर अकोल्याचे एक शेठ होते, विड्यांचा कारखाना असलेले. ते फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. "वा रे पठ्ठे! हा तू काढला? मले याची निगेटिव्ह दे दोन दिवस. मोठा करून हपिसात लावतो. खाली तुहं नाव टाकतो."

खाली माझं नाव. मी कपाट उघडलं, निगेटिव्ह पुडीत बांधली आणि त्यांच्या हातात दिली. मोठे सर तेव्हा दहा हातांवर लेझीमवाल्या पोरांना रांगेत उभं करत होते.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते वासांनी. हुरड्याचा धूर, मांडवातली ओली माती, पोरांच्या लाकडी मल्लखांबाला चोळलेलं एरंडेल. पौष संपत आला होता. मुलगी रोज येत होती आणि रोज एक नवी कसरत शिकत होती. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ऑफिसच्या दारात किसनराव उभे होते. अंगावर धुतलेला सदरा, टोपीत कापूस नाही. आत मोठे सर, शेठ आणि कमिटीतले आणखी दोघं बसले होते. मी कोपऱ्यात पावत्या लिहीत होतो.

त्यांनी टोपी काढली, तिच्या आतून एक कागद काढला आणि टेबलावर पसरला. विड्यांच्या बंडलावरचं वेष्टण होतं ते. लाल काठ, मध्ये मी काढलेला तो फोटो, वर अक्षरं: दोरीछाप विडी.

"हे जिनात सापडलं," ते म्हणाले. "पह्यले वाटलं, दुसरी कोनी पोरगी असंन. मंग घरी नेऊन बायकोले दाखवलं. थे रडाले लागली."

शेठ कागदाकडे बघत म्हणाले, "चांगलंच तर आहे की रे. सरस्वती-लक्ष्मीचे फोटो नाही का टाकत लोक? तुझी पोरगी फेमस झाली."

"सायेब, पानठेल्यावर लोक म्हनतात, एक दोरीवाली दे. वढतात आन फेकतात. शाळेच्या फाटकात पोट्टे तिले त्याच नावानं हाका मारून राहिले. थे तीन दिवस घरातून भाईर नाही निंगाली. मले फकस्त इतलंच इचाराचं हाय, कोनाले इचारून काहाडला हा फोटो?"

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातून चिठ्ठी आणून त्यांच्या हातात दिली. सरांचा चेहरा सैल झाला. नियम पाळला गेला होता.

"किसन, हा तुझा होकार आहे ना? हा अंगठा तुझा."

किसनरावांनी चिठ्ठी उजेडात धरली. मग ते हसले. दुखावलेल्या माणसाचं हसू होतं, पण त्यात जरा अभिमानही होता. "माहा नाही, सर. मी आंगठा देतच नाही. दीक्षा घेतली त्या सालीच सही शिकलो. तवापासून कोन्या कागदाले आंगठा नाही लावला. जिनातल्या पगारालेबी सहीच करतो."

"मग असं कर," सर म्हणाले. ते न्यायीच वागत होते. "इथं तुझा अंगठा उमटव. दोन्ही ताडून पाहू. लगेच कळेल."

मी माझा डावा हात टेबलाखाली घेतला. व्रणाची पांढरी रेघ चिठ्ठीवरच्या ठशात अगदी स्पष्ट होती; मी ती उमटवली त्या दिवशीच पाहिली होती. आता त्यांनी गादीवर अंगठा टेकवला की संपलं.

"नाही सर," किसनराव म्हणाले. "तेवढं नोका सांगू. सही मागा, धा डाव करून देतो. पन आंगठा मी आता लावनार नाही. दाखवासाठीबी नाही."

"का पण? खरं असेल तर घाबरायचं काय?" शेठ म्हणाले.

"भेव नाही वाटत, शेठ. मी शपथ वाह्यली हाय."

त्यांनी ते विडीचं वेष्टण उलटं केलं, टेबलावरचा टाक उचलला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर सावकाश सही केली. शेठ म्हणाले, "सही काय, काल शिकला असशील." कमिटीतला एक जण हसला.

तेव्हा किसनरावांना आठवलं. "सर, पोरीचं नाव घातलं तवा अर्ज भरला होता. त्याच्यावर सही केली मी. दिवाळीच्या आंधी. थो कागद काहाडा. मंग कळन, मी तवापासून सही करतो का नाही ते."

त्या दिवशी मी अकोल्याला होतो. अर्ज दुसऱ्या कोणी घेतला होता. मला खरंच ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "बघ रे, अर्जांची फाइल आण." मी ऑफिसामागच्या खोलीत गेलो. कपाट उघडलं, फाइल काढली. तिसराच कागद. सही होती. प्रत्येक अक्षर वेगळं, जणू एकेक गठाण उचलून नीट रचून ठेवलेली. शेवटी रेघ ओढून तिच्याखाली एक ठिपका.

मी त्या खोलीत किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेर कोणी खोकलं. खिडकीच्या जाळीत कापसाचे पुंजके अडकलेले होते, आत येत नव्हते आणि उडूनही जात नव्हते. मला नोकरी दिसली, वडील दिसले, संमेलनातल्या टाळ्या ऐकू आल्या. मी अर्ज घडी करून सदऱ्याच्या आत घातला आणि बाहेर येऊन म्हणालो, "सापडत नाही, सर."

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. त्यांनी नुसती टोपी घातली. मोठ्या सरांना म्हणाले, "ठीक हाय. फोटो बंद करा तेवढा."

सरांनी तो बंद करवला. शेठ कबूल झाले, पण छापून ठेवलेली वेष्टणं संपेपर्यंत ती येतच राहिली. होळीपर्यंत मला ती गटारांत, सायकलच्या चाकांत, बसस्टँडच्या बाकाखाली दिसत होती. दिसली की मी उचलायचो. घरी आणून चुलीत टाकायचो. निगेटिव्हही शेठकडून परत आणली आणि तीही जाळली. खिसे तंबाखूच्या वासाचे होत. आईला वाटलं, मी विडी ओढायला लागलो.

मुलगी पुन्हा आली नाही. किसनरावांनी उन्हाळ्यात जिन सोडलं आणि ते मूर्तिजापूरला भावाकडे गेले. व्यायामशाळेच्या इतिवृत्तात त्या रविवारची नोंद मीच लिहिली: पालकांचा होकार होता; पालकांनी तो नंतर नाकारला. ते वाक्य अजून त्या वहीत आहे.

एकदा तिला पाहिलं होतं. साठचं दशक संपत आलं असताना शाळेच्या कामाने मूर्तिजापूरला गेलो होतो. तिथल्या प्राथमिक शाळेत कसलासा समारंभ झाला आणि सगळ्या शिक्षकांचा फोटो काढायचं ठरलं. खुर्च्या मांडल्या. फोटोवाल्याने काळं कापड डोक्यावर घेतलं. एक तरुण बाई रांगेतून निघून मुकाट्याने त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हेडमास्तर मला म्हणाले, "या बाई कधीच बसत नाहीत फोटोला. पोरींना दोरीवरच्या कसरती मात्र झकास शिकवतात." फोटोवाल्याच्या पाठीमागून ती समोरच्या रांगेकडे, म्हणजे माझ्याकडे पाहत होती. मी पाहुणा म्हणून मधल्या खुर्चीत बसलो होतो. त्या फोटोत माझी मान खाली आहे.

त्या वेळीही मी बोललो नाही. नंतर लग्न, बदली, घर, पेन्शन. मोठे सर गेले, शेठ गेले, त्या खोलीतले सगळे गेले. तो अर्ज आणि नंतर कपाटातून काढून घेतलेली ती चिठ्ठी एका जुन्या पंचांगात घडी होऊन माझ्याबरोबर घर बदलत राहिली. दर वर्षी कापूस उडायला लागला की मी पुन्हा त्या मागच्या खोलीत जातो. कपाट उघडं असतं, कागद हातात असतो, आणि दाराबाहेर ते वाट पाहत असतात. साठ वर्षांत मला त्या खोलीतून एकदाही सरळ बाहेर येता आलं नाही.

नातीचा कागद आला त्या आठवड्यात मी मुलाला सांगितलं, मला मूर्तिजापूरला घेऊन चल. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात बुडाले आहेत, त्या रुळांच्या कडेने त्या बाईंचं घर आहे. किसनराव तीस वर्षांपूर्वी वारले. बाई आता सत्तरीच्या. मला ओळखलं. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडतील किंवा हाकलून देतील.

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलंच नाही. अर्ज उचलला, चष्मा लावला आणि सहीवरून बोट फिरवत राहिल्या.

"बाबा मरेस्तोवर म्हनत होते," त्या म्हणाल्या, "थो कागद कपाटात हायच. घरात आमालेबी वाटे, का बुढा उगाच धरून बसला. मायबी कधी कधी म्हने, तुमीच लावला असंन आंगठा, इसरले असान." बोट सहीखालच्या ठिपक्यावर थांबलं. "हा मी ठेवून घेऊ?"

"तुमचाच आहे."

त्यांनी चिठ्ठी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. "हे तुमी घेऊन जा. हा तुमचा हाय."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले सांगून काय होते आता, दादा? त्या दिवशी जे हासले, त्याइले सांगा लागत होतं."

"ते कोणी उरले नाहीत."

"मंग लिहा. तुमाले तं लिहिता येते ना?" त्या पुढे म्हणाल्या, "बाबाचं नाव लिहा. पूरं लिहा. माहं नोका लिहू." आणि मग जुन्या सवयीने, वर्गातल्या पोरीला सांगावं तसं: "पह्यले इचारा लागते."

घरी आलो. त्या संस्थेत आज जे कोणी आहेत त्यांना पत्र टाकलं आहे की इतिवृत्तातली माझी नोंद खोटी आहे, हा लेख तिच्याशेजारी लावावा. मग नातीला जवळ बोलावून तिच्या क्लबचा कागद पुढे ठेवला आणि विचारलं, तुझा फोटो काढलेला, सगळ्यांना दाखवलेला तुला आवडेल का? ती चकित झाली. म्हणाली, "हे मम्मीला विचारायचं असतं ना? मला कोणी विचारलंच नाही." मग बराच वेळ विचार करून म्हणाली, "स्पर्धेतला चालेल. सरावातला नको. सरावात मी पडते." तसं तिच्या आईने शब्दशः लिहिलं आणि सही केली. मी केली नाही.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे. शाई तपकिरी झाली आहे, ठशातली तिरपी रेघ दिसते. माझा अंगठा शेजारी ठेवला की जुळते. अंगठा माझा आहे. त्या दिवशी त्या खोलीत खरं बोलणारा माणूस एकच होता. त्यांचं नाव किसन सोनाजी, आणि ते सही करत होते.